अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या करंट नदीवर पहिल्यांदा फ्लोटला (कनू म्हणजे लांबट होडीत बसून प्रवाहाबरोबर जायच्या सहलीला) जाताना

बिअर न्यायला हरकत नाही, पण पिणारे सगळे किमान 21 वर्षांचे हवेत. काचेची बाटली मात्र घरीच ठेव, लोणच्याचीसुद्धा. करंट नदी ज्या पार्कमध्ये येते त्या ओझार्क नॅशनल सीनिक रिव्हरवेजमध्ये नदीवर काच चालत नाही. पाण्यात अनवाणी उतरलास की कारण कळेल. थर्माकोलचा स्वस्त कूलर मिसुरीच्या बहुतेक नद्यांवर बंद आहे. तसंच 4 गॅलनपेक्षा, म्हणजे साधारण 15 लिटरपेक्षा मोठं दारूचं भांडं आणि नळीतून घटाघटा ओतायचं ते बिअर बाँग. (त्याची हौस असेल तर तू माझ्या कनूमध्ये बसू नकोस.) रिकामे कॅन जाळीच्या पिशवीत भर आणि पिशवी कनूला घट्ट बांध.

मुक्काम नदीकाठच्या गोट्यांच्या पट्ट्यावर करायचा असेल तर तंबू उंच जागी, मागे चढायला वाट असेल तिथे टाक. पाऊस वरच्या अंगाला पडतो आणि रात्रीतून पाणी तुझ्या उशाशी येतं. म्हणून पिणं आटोक्यातच ठेव, मध्यरात्री सामान उचलून पळायची वेळ येऊ शकते. पार्कच्या हद्दीबाहेर, मेरामेक किंवा हझाह या मिसुरीतल्याच दुसऱ्या प्रवाहांवर, काठ बहुधा खाजगी असतो. तिथे तंबू ठोकण्याआधी मालकाला किंवा कनू भाड्याने देणाऱ्याला विचार.