ग्रामीण रुग्णालयाचं अधीक्षकपद घ्यावं का? आधी रेफरचं रजिस्टर वाचा

डॉक्टर, तुम्ही विचारलंय की प्राथमिक आरोग्य केंद्रात काही वर्षं काढल्यावर आता तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षकाचा पदभार घ्यायला सांगितलंय. रुग्ण तपासणं सुटेल आणि बिलं, बैठका, अहवाल यांतच दिवस जातील, अशी तुम्हाला भीती वाटतेय. शिवाय सुरुवातीला नेमकं कशात हात घालायचा, हाही प्रश्न आहेच. हे पद मी बरीच वर्षं सांभाळलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला बदल लक्षात घ्या. आरोग्य केंद्रात तुम्ही जिल्हा परिषदेच्या यंत्रणेत होतात, तुमचे वरिष्ठ जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांच्या अखत्यारीत येतं. निकषाप्रमाणे अशा रुग्णालयामागे सपाट भागात १,२०,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ८०,००० लोकसंख्या धरलेली असते. आजवर तुम्ही ज्या रुग्णांना 'वर' पाठवत होतात, ते 'वर' म्हणजे आता तुम्हीच. तुमच्याकडूनही रुग्ण नुसता चिठ्ठी घेऊन पुढे जायला लागला, तर चार-पाच आरोग्य केंद्रांच्या मागे उभं असलेलं रुग्णालय फक्त पाटीपुरतं उरतं.

म्हणून पदभार घेतल्यावर सगळ्यात आधी रेफरचं, म्हणजे पुढच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलेल्या रुग्णांच्या नोंदीचं, रजिस्टर मागवा. गेल्या सहा महिन्यांचं, पानन् पान वाचा. बहुतेक नोंदींत 'पुढील उपचारासाठी संदर्भित' एवढंच लिहिलेलं असेल. त्यातून काहीच कळत नाही. दुसऱ्या दिवसापासून नोंद बदलायला लावा: रुग्ण किती वाजता आला, किती वाजता गेला, पाठवण्याचं खरं कारण काय, निर्णय कोणाचा, निघताना नाडी आणि रक्तदाब किती, निघण्यापूर्वी काय दिलं, पुढच्या रुग्णालयात कोणाशी फोनवर बोलणं झालं, आणि पुढे त्या रुग्णाचं काय झालं. हे शेवटचं कुणीही विचारत नाही. तुम्ही रोज सकाळी विचारा. महिन्याभरात चित्र स्पष्ट होतं. भूलतज्ज्ञ नाही, रक्त नाही, औषध संपलं, ड्युटीवर डॉक्टर एकटाच, ही चार कारणं लिहिलेली सापडतात. पाचवं कारण कागदावर कधीच येत नाही, ते म्हणजे भीती. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त रेफर या पाचव्या कारणाने होतात, आणि अधीक्षकाच्या हातात सगळ्यात जास्त तेच असतं.

सर्पदंशाचं उदाहरण घेतो, कारण पावसाळ्यात तुमची पहिली परीक्षा तिथेच होणार. आपल्याकडची सर्पविषरोधक लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर चालते. ती फ्रिजमध्ये असते, तरी रुग्ण पुढे पाठवला जातो. रात्री एकटा असलेला तरुण डॉक्टर लसीच्या रिअॅक्शनला घाबरतो, आणि वाटेत काही झालं तर ते आपल्या अंगावर येणार नाही असं त्याला वाटतं. घोणस किंवा फुरशाच्या दंशात तेच दोन तास महाग पडतात. यावर उपाय साधे आहेत. रक्त गोठतं की नाही हे बघायची वीस मिनिटांची चाचणी ड्युटीवरच्या प्रत्येकाला यायला हवी. त्यासाठी काचेची, कोरडी, स्वच्छ परीक्षानळी लागते. प्लास्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत निष्कर्ष चुकतो, म्हणून काचेच्या नव्या नळ्यांचं पाकीट आकस्मिक विभागाच्या ट्रेमध्येच ठेवा, प्रयोगशाळेच्या कुलपात नको. लसीची मात्रा वजनावर ठरत नाही. साप लहान मुलाला चावला तरी विष तेवढंच सोडतो, त्यामुळे मूल असो वा मोठं माणूस, सुरुवात आठ ते दहा कुप्यांनीच. अॅड्रेनॅलिन आधीच सिरिंजमध्ये भरून शेजारी ठेवलेलं असलं की रिअॅक्शनची धास्ती निम्मी होते. आणि विषाची लक्षणं नसतील तर लस द्यायची नाही, २४ तास लक्ष ठेवायचं.

मण्यारीबद्दल वेगळं सांगतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते, दाताची खूण जवळजवळ दिसत नाही. पहाटे पोटात दुखतंय म्हणून रुग्ण येतो आणि आम्लपित्ताचं इंजेक्शन घेऊन परत जातो. पापण्या जड झाल्यात का, हे बघायची सवय सिस्टरांनासुद्धा लावा. नागाच्या दंशात निओस्टिग्मिन आणि अॅट्रोपिन या औषधांचा उपयोग होतो, मण्यारीत त्यावर विसंबता येत नाही, श्वास चालू ठेवणं हाच आधार. असा रुग्ण पुढे पाठवावा लागलाच, तर लसीची पहिली मात्रा देऊन आणि अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) चालवणारा माणूस सोबत देऊनच पाठवायचा.

मोठं काम मोठ्या रुग्णालयातच होतं, असं तुमच्या नव्या सहकाऱ्यांना वाटत असेल तर त्यांना डॉ. हिंमतराव बावस्करांबद्दल सांगा. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात विंचूदंशाच्या रुग्णांशेजारी बसून त्यांनी लक्षणं टिपली, १९८२ साली ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, आणि पुढे प्राझोसिनच्या साध्या गोळीचा उपयोग त्यांनी दाखवून दिला. ती गोळी तुमच्या औषधभांडारात आहे ना, हे पहिल्याच आठवड्यात बघा.

ही भीती घालवण्याचा आदेश काढून उपयोग नाही. रात्री अडीचला ड्युटीवरच्या डॉक्टरने फोन केला की पहिल्या रिंगला उचलायचा आणि गरज वाटली तर उठून जायचं. केसपेपरवर 'अधीक्षकांशी चर्चा करून उपचार सुरू' असं लिहायला लावायचं आणि खाली सकाळी आपली सही करायची. जबाबदारी वाटली गेली की हात धजावतात. तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तरही यातच आहे. रुग्ण तपासणं सोडू नका. एक ओपीडी, सकाळचा राऊंड आणि गंभीर रुग्णांसाठीची हाक, एवढं स्वतःकडे ठेवाच. जो अधीक्षक स्वतः रुग्ण बघत नाही, त्याला रजिस्टरमधली खोटी कारणं ओळखता येत नाहीत.

प्रसूतींचं गणित वेगळं आहे, तिथे धैर्याबरोबर माणसं आणि सामग्रीही लागते. प्रथम संदर्भ केंद्र म्हणवून घ्यायचं तर सिझेरियन, नवजात बाळाची काळजी आणि रक्ताची सोय, तिन्ही चोवीस तास हवीत. अडतं बहुधा भुलेवर. तालुक्यातला खाजगी भूलतज्ज्ञ बोलावण्यावर यायला तयार असतो, पण त्याचं मानधन महिनोन्महिने थकतं आणि तो फोन घेणं बंद करतो. त्याचं बिल ज्या आठवड्यात केस झाली त्याच आठवड्यात पुढे सरकवा, मंजुरीचा पाठपुरावा स्वतः करा. रक्तसाठवण केंद्र असेल तर जिल्ह्याच्या रक्तपेढीशी महिन्यातून एकदा तरी स्वतः बोला, कारण कोणत्या गटाच्या किती पिशव्या मिळणार हे तिथे ठरतं. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात ज्याच्यावर भिस्त असते ते ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं. वीज गेल्यावर तो फ्रिज कशावर चालतो, ते बघा. मी अशा ठिकाणी काम केलंय जिथे इन्व्हर्टर अधीक्षकांच्या दालनाला जोडलेला होता आणि प्रसूतिकक्षातला फ्रिज नव्हता.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या, जेवण, रक्त आणि वाहतूक सगळं मोफत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सर्वांनाच उपचार निःशुल्क झाले. तरीही 'हे बाहेरून आणा' अशी चिठ्ठी नातेवाइकाच्या हातात पडते. वॉर्डात फिरताना बाळंतिणीच्या सासूला किंवा आईला विचारा, बाहेरून काय आणलंत? साठ्याचा अहवाल सांगत नाही ते त्या एका उत्तरात कळतं.

आता माणसांबद्दल. परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख सिस्टर, ही रुग्णालयाची खरी सूत्रधार. डॉक्टर बदलून जातात, बंधपत्रित (शिक्षणानंतर सक्तीची सरकारी सेवा करणारे) डॉक्टर तर वर्षभरात निघतात, सिस्टर राहतात. ड्युटीपत्रक त्यांच्यासोबत बसून करा आणि एकदा लागलं की कुणाच्या फोनवरून बदलू नका. कंत्राटी आणि कायम कर्मचारी एकाच टेबलावर तेच काम करतात आणि पगारात मोठी तफावत असते. ती तुमच्या हातात नाही. पण रात्रपाळ्या, सणाच्या रजा आणि कंत्राटाच्या मुदतवाढीचा प्रस्ताव वेळेवर पाठवणं तुमच्या हातात आहे, आणि लोक त्यावरूनच तुम्हाला जोखतात. सफाई कामगार ठेकेदारामार्फत असतील तर त्यांच्या बँक खात्यात पगार खरंच किती आणि कधी जमा होतो, ते त्यांनाच विचारा. प्रसूतिकक्षाची स्वच्छता त्या पगारावर उभी असते. कायाकल्प या सरकारी स्वच्छता-पुरस्कार योजनेच्या तपासणीपूर्वी रंग मारून ती येत नाही.

कागद टाळता येणार नाहीत. आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे सरकारी पैसे काढून वाटणारा अधिकारी, म्हणून प्रत्येक देयकाखाली तुमची सही, म्हणून दिवसातला एक ठराविक तास कार्यालयाला द्या आणि त्या तासात रोकडवही रोजच्या रोज मिटवा. रुग्ण कल्याण समितीची बैठक लांबवू नका. छोटी, तातडीची दुरुस्ती तिथूनच सुटते.

कायद्याच्या बाजूने तीन गोष्टी. पहिली, गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली तालुक्याचं समुचित प्राधिकारी (कायदा राबवणारा अधिकारी) म्हणून काम तुमच्याकडे येतं. सोनोग्राफी केंद्रांची तपासणी करताना गावातल्याच ओळखीच्या डॉक्टरांसमोर उभं राहावं लागतं. फॉर्म एफ, म्हणजे गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीची नोंद, स्वतः वाचा, तोंडी समजुतीवर काही सोडू नका, पंचनामा जागेवरच करा. दुसरी, लैंगिक अत्याचाराच्या तपासण्या. पीडितेची संमती, महिला डॉक्टर, मोफत उपचार आणि आडोसा असलेली खोली ही किमान तयारी हवी. 'टू फिंगर टेस्ट' (योनीत दोन बोटं घालून केलेली तपासणी) कोणी करत असेल तर त्याच दिवशी बंद करा. ती करणं गैरवर्तन ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. मूल अठराच्या आतलं असेल तर पोक्सोखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, 'घरच्यांना नकोय' हे कारण चालत नाही. तिसरी, कर्मचाऱ्यांवरचे हल्ले. २०१० च्या राज्याच्या कायद्यानुसार हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. फिर्याद मार खाल्लेल्या सिस्टरने किंवा डॉक्टरने एकट्याने देऊ नये. संस्था म्हणून तुम्ही पोलीस ठाण्यात जा. एकट्या व्यक्तीवर तडजोडीचं दडपण येतं, संस्थेवर तितकं येत नाही. आणि मृत्यूची बातमी सांगायला कधीही इंटर्नला पाठवू नका, वरिष्ठाने बसून सांगायची.

आगीबद्दल मला फार कळकळीने सांगायचंय. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली आणि दहा बाळं गेली. त्या पहाटेनंतर फायर ऑडिटच्या फायली सगळीकडे तयार झाल्या, पण फाइल आग विझवत नाही. एका रात्री स्वतः फिरून बघा: कोणकोणते दरवाजे कुलूपबंद आहेत, किल्ली कोणाकडे आहे, बाळांना ऊब देणारे वॉर्मर कोणत्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावलेत, आणि अग्निशामक उचलून पिन काढणं रात्रपाळीच्या सिस्टरला येतं का. बाळाजवळ रात्रभर कुणीतरी जागं असलंच पाहिजे. त्यासाठी मनुष्यबळ नसेल तर तसं लेखी कळवा, आणि मिळेपर्यंत दुसऱ्या वॉर्डातून माणूस वळवा.

मुख्यालयी राहायचं का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मनात असणारच. मुलांच्या शाळेचा, जोडीदाराच्या नोकरीचा प्रश्न खरा आहे आणि त्यासाठी कुणाला दोष देता येत नाही. तरी अधीक्षक निवासस्थानी राहत असेल तर रात्रीचे रेफर कमी होतात, हे मी प्रत्येक ठिकाणी पाहिलंय. निदान पहिलं वर्ष तिथे काढा. निवासस्थान गळकं असेल तर रुजू होण्याआधी दुरुस्तीचं पत्र द्या, नंतर कुणी लक्ष देत नाही.

माझं मत विचाराल तर पद घ्या. फक्त आदेश नीट वाचा. 'प्रभारी' म्हणून देत असतील तर आहरण व संवितरणाचे अधिकार त्यात लिहिलेत का, तुमचं आधीचं काम कोणाकडे जाणार याचा उल्लेख आहे का, हे बघा. आरोग्य केंद्र आणि रुग्णालय दोन्ही एकाच वेळी सांभाळायला सांगत असतील तर नकार द्या. पदभार घेताना औषधसाठा, उपकरणं आणि रोकड यांची प्रत्यक्ष मोजणी करून यादीवर दोघांच्या सह्या घ्या. बंद पडलेल्या यंत्रांची वेगळी यादी करून तिची एक प्रत त्याच दिवशी जिल्हा शल्य चिकित्सकांना पाठवा. कोषागारात नमुना सही लवकर पोचती करा, नाहीतर पहिल्याच महिन्यात सगळ्यांचे पगार अडतील.