वास्कोत पावसाळ्यात सी हॅरियर विमानाच्या प्लास्टिक मॉडेलवर पितळी एच्ड (रसायनाने कोरलेल्या पातळ) पार्टभोवती सुपरग्लू पांढरा का पडतो?
ग्लू जास्त लागतोय आणि हवा दमट आहे, म्हणून. सुपरग्लूची वाफ हवेतल्या ओलाव्याशी जुळून आजूबाजूला पांढरी पावडर होऊन बसते. पार्टची मागची बाजू ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. जेल ग्लूचा थेंब जुन्या कार्डावर काढून सुईच्या टोकाने लावा, नळीतून थेट नको. पंखा १ वर ठेवा म्हणजे वाफ साचणार नाही. पंखा जोरात लावलात तर पार्ट फरशीवर शोधत बसाल. कॅनपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) मात्र शेवटी, फेविकॉलनेच, म्हणजे त्यावर पांढरं बसणार नाही. पडलेले डाग ॲसिटोनने पुसू नका, प्लास्टिक विरघळतं. हलके असतील तर ग्लॉस वार्निशखाली बहुतेक दिसेनासे होतात. कॉकपिटच्या काळ्या पॅनेलवर तेवढं नशीब नसतं, तिथे पुन्हा रंगच मारावा लागतो.