प्रवाह पोषकद्रव्ये 'वाहतात' की 'वाहून नेतात'?

कोल्हापुरातल्या गंगावेशीतल्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न: विद्यार्थ्यानं 'सागरी प्रवाह पोषकद्रव्ये वाहतात' असं लिहिलं. सहकाऱ्यांनी ते खोडून 'वाहून नेतात' केलं, कारण म्हणे 'वाहणे' अकर्मक. बरोबर कोण?

मुलगा. हमाल ओझं वाहतो, आपण अंबाबाईला फुलं वाहतो, कारखान्याच्या बिलातून 'तोडणी-वाहतूक' कापतात ती पाण्याची नव्हे, उसाची. 'वाहून नेतात' चूक नाही, पण लाल शाई कशासाठी? ती वापरायचीच तर 'लाटा पोषकद्रव्ये नेतात' या वाक्यावर वापरा, ते ऐकून कान किटलेत. रंकाळ्यात लाटेवर पडलेलं पान जागच्या जागी वरखाली होतं. पंचगंगेतली जलपर्णी मात्र थेट नरसोबावाडीची वाट धरते. लाट वेगळी, प्रवाह वेगळा.

खरी गंमत संस्कृत 'वह्' या धातूत आहे. त्यात नेणं आधी, पाण्यासारखं वाहणं मागून. वाहन त्यातलंच. विवाह म्हणजे वधूला घेऊन जाणं, आणि 'नवोढा'तली 'ऊढा' म्हणजे नेलेली. इंग्रजीतले व्हेइकल, वॅगन, इतकंच काय 'वे'सुद्धा याच कुळातले. माझं तर मत आहे की आपला ओढासुद्धा या 'ऊढ'चाच. 'ओढून नेतो म्हणून ओढा' असं सांगणाऱ्या पंडितांनी मग 'ओढणे' कुठून आलं तेही सांगावं! ते विचारलं की विषय बदलतात. आणि 'वहिवाट'? सातबाऱ्यावरून भांडणाऱ्यांना ठाऊक नसेल, पण त्यातली 'वही' मला तरी याच घरची वाटते.

समुद्र तर धातूचा मूळ अर्थ पाळतो. उष्ण पाण्याच्या वरच्या थरात ऊन भरपूर, पण नायट्रेट-फॉस्फेट ही पोषकद्रव्ये प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, केव्हाच संपवतात. मेलेल्यातलं काही बुडतं आणि खाली थंड अंधारात साठा होतो. पेरूच्या किनाऱ्यावर वारा वरचं पाणी बाजूला सारतो, खालचं थंड पाणी वर येतं, म्हणून हम्बोल्ट प्रवाहात अँचोव्ही मासळी उदंड. दक्षिण महासागराचं थंड पाणी तर पृष्ठाखाली उतरून उत्तरेला येतं आणि आपला माल पार उष्ण कटिबंधापर्यंत पोचवतं. सोमालियाजवळ पावसाळ्यात प्रवाहाची दिशाच उलटते, खालचं पाणी वर येतं. गगनबावड्याला झोडपणारे नैर्ऋत्य वारेच ते करतात.

बाईंना एवढंच सांगतो, कुणी 'पोषकद्रव्यांचे वहन करतात' असं उगाच जड लिहिलं तर मात्र खुशाल गुण कापा.