सही करू नकोस, निदान त्या केबिनमध्ये तरी

अगं, कंपनीला माणसं कमी करायचीत म्हणून तुझ्याकडे राजीनामा मागतायत, आणि तो दिला तर रेकॉर्ड क्लीन राहील ना, असं तू विचारलंस आणि मला कळेना, चिडावं की तशीच उठून मालाडला यावं. क्लीन राहणार ते त्यांचं. बाकीचं सावकाश वाच, पण एवढं आधी ऐक, सही करू नकोस. एचआरवाली कितीही गोड बोलली, पाण्याचा ग्लास पुढे केला, तुझ्या भल्यासाठीच सांगतेय म्हणाली, तरी नाही.

हिशोब मांडते, कारण नुसतं सांगून तू ऐकणाऱ्यातली नाहीस. तुझी चार वर्षं पूर्ण झालीत, पगार वीस हजारांच्या आत. कंपनीला माणसं कमी करायचीत तर त्याला कायद्यात छाटणी म्हणतात, आणि वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराची छाटणी करायची तर एक महिन्याची लेखी नोटीस नाहीतर त्या महिन्याचा पगार, आणि वर प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतंच, २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाले त्यातही आहे. म्हणजे तुझे साधारण तीन महिन्यांचे पगार झाले. शिवाय रीस्किलिंग फंडातून, म्हणजे छाटणी झालेल्यांसाठीच्या निधीतून, आणखी पंधरा दिवसांचा पगार खात्यात जमा करायची तरतूद नव्या कोडात आहे. आता मीच नोकरी सोडतेय असं तूच लिहून दिलंस तर छाटणी झाली कुठे? गेलं सगळं.

मग ईएसआयसी, कामगारांचा सरकारी विमा. दर महिन्याला स्लिपमध्ये पाऊण टक्का कापतात ना, त्याला तू फक्त दवाखाना समजतेस. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना म्हणून आहे, २०१८ पासून, मुदत वाढवत वाढवत चालू ठेवलीय, आत्ता कुठपर्यंत आहे ते शाखेत विचारून घे. नोकरी गेली तर रोजच्या सरासरी कमाईच्या ५० टक्के, ९० दिवसांपर्यंत, आयुष्यात एकदाच, आणि नोकरी जाऊन ३० दिवस झाले की क्लेम टाकता येतो. पण गैरवर्तनावरून काढलेल्याला किंवा स्वेच्छेने निवृत्ती घेतलेल्याला ती नाही, मग तू राजीनाम्याची कॉपी घेऊन काउंटरवर उभी राहिलीस तर पहिला प्रश्न काय येणार सांग.

ग्रॅच्युइटी विसर, पाच वर्षं झाली नाहीत. पीएफ तुझाच आहे, तो अडवायची धमकी दिली तर हसून सोड.

तू सीनियर असोसिएट आहेस, तुला कामगार कायदा लागत नाही, हेही ऐकवतील. कोर्ट व्हिजिटिंग कार्ड बघत नाही, प्रत्यक्षात काम काय करतेस ते बघतं. दिवसभर हेडफोन लावून कॉल घेतेस, हाताखाली एक माणूस नाही, कसली ऑफिसर तू? आणि टर्मिनेट करू, लेटरवर गैरवर्तन लिहू, असं म्हणाले तर लिहू देत. त्यासाठी आधी आरोपपत्र द्यावं लागतं, चौकशी करावी लागते, आणि हे त्यांनाही पक्कं माहीत असतं, म्हणून तर राजीनामा मागतात ना!

आम्हाला अंधेरी एमआयडीसीत असंच एकेकीला केबिनमध्ये बोलावलं होतं, पॅकिंगच्या सगळ्या बायका. कागद इंग्लिशमध्ये, वाचायला वेळ नाही, बाहेर पुढची उभी. सगळ्यांनी सह्या केल्या, मी नाही केली. नंतर बांद्र्याच्या लेबर कोर्टात तारखांवर तारखा, मुलाचं दहावीचं वर्ष त्यातच गेलं, त्याची खंत आहे, खोटं कशाला बोलू. शेवटी सेटलमेंट झाली आणि वकिलाची फी वजा जाता हातात जे आलं ते सह्या करणाऱ्यांपेक्षा फार जास्त नव्हतं. आमचे हे अजून ऐकवतात, काय मिळवलंस एवढं भांडून. ऐकवू देत. माझ्या कागदावर नोकरीवरून काढलं असं लिहिलंय, मी सोडली असं कुठेही नाही, आणि हा माझा हट्ट असेल तर असो. शेजारची जी माझ्या मागेच रांगेत होती तिला मी बाहेर आल्यावर हाताला धरून थांबवायला पाहिजे होतं, ते मात्र राहून गेलं.

म्हणून तुला धरतेय. आज रात्रीच स्वतःच्या जीमेलवरून एचआरला मेल टाक, मला अमुक तारखेला बोलावून राजीनामा द्यायला सांगितलं, मी राजीनामा देत नाही, कामावर यायला तयार आहे. दोन ओळी बास, निबंध नको. लॅपटॉप लॉक व्हायच्या आत अपॉइंटमेंट लेटर, सगळ्या स्लिपा, हजेरीचे स्क्रीनशॉट काढून ठेव. फक्त तुझे कागद हां, कस्टमरचा डेटा एक ओळ घेऊ नकोस, नाहीतर आपणच त्यांना गैरवर्तन पुरवायचो.

काढलंच तर बीकेसीत कामगार भवन आहे, कामगार आयुक्तांचं ऑफिस, तिथे अर्ज द्यायला वकील लागत नाही. समेट अधिकारी दोघांना बोलावतो, ४५ दिवसांत जमलं नाही तर थेट कोर्टात जाता येतं. आणि हिशोबाचे पैसे पुढच्या महिन्याच्या सायकलमध्ये येतील असं सांगतील, ते खोटं, नवीन वेज कोडप्रमाणे काढल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत पगार चुकता करावा लागतो.

सोमवारी परत बोलावलंय म्हणालीस. कागद पुढे केला तर म्हण, घरी नेऊन वाचते, कॉपी द्या. नाही दिली तर उठून ये. मेल टाकलास की मला स्क्रीनशॉट पाठव, मी जागी आहे.