भाताच्या भांड्याचा तळ

प्रिय मावशी,
मी ३६ वर्षांची, माहेर देवरुखचं, सासर डोंबिवलीत. १४ महिने झाले, भात बंद केलाय. मोबाइलमधलं ॲप सांगतं तसं दिवसाला १,२०० कॅलरीवर राहते. नऊ किलो उतरले, पाच परत आले. रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, पण भाताची भीतीच बसलीय. मोठ्या जाऊबाई सणावाराला मुद्दाम माझ्या ताटात मूद वाढतात आणि सगळ्यांसमोर म्हणतात, ‘खा गं, काही होत नाही.’ मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. रात्री कधीतरी आवरताना भांड्याला चिकटलेला भात तोंडात टाकते, तेवढाच. जाऊबाईंना गप्प कसं करू?

अगं, तुझ्या मूळ पत्रात दोन पानं नुसत्या जाऊबाई आहेत. (इथे थोडक्यात छापलंय.) त्यांना मी काही बोलणार नाही. घरातल्या माणसाला भात वाढला, एवढाच त्यांचा गुन्हा.

मला ते भांडं दिसतंय. सगळे निजल्यावर ओट्याशी उभी राहून तू तळ खरवडतेस. भात गारढोण, कडेला वाळून कडक झालेला, त्यावर ना वरण ना मीठ. ‘कधीतरी’ म्हणतेस. खरं सांग, हल्ली वाढताना तळाशी जरा जास्तच भात राहू देतेस की नाही?

१९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ तरुणांवर प्रयोग केला. युद्धाने उपाशी पडलेल्या माणसांना पुन्हा अन्नावर कसं आणायचं, ते त्याला शोधायचं होतं. त्यासाठी आधी या धडधाकट पोरांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं, दिवसाला साधारण १,५७० कॅलरींवर. (पुरुष होते, चालणंही भरपूर होतं, मान्य. तरी तुझ्या ॲपचा आकडा शेजारी ठेवून बघ.) ती पोरं ताटं चाटायला लागली. पाककृतींची पुस्तकं जमवायला लागली. काहींनी चोरून खाल्लं, तेव्हा एकट्याने बाहेर जायचीच बंदी आली. प्रयोग संपल्यावर पोट तुडुंब भरलं तरी भूक भागेना, आणि वजनं भराभर चढली. तुझे पाच किलो कुठून परत आले ते कळलं ना?

ही पोरं मनाची कच्ची नव्हती गं. तत्त्वासाठी बंदूक हातात घ्यायला नकार देऊन, स्वतःहून या प्रयोगाला आलेली होती. त्यांनी ताटं चाटली, तर तू रात्री भांडं खरवडतेस याला ‘मनावर ताबा नाही’ म्हणायची माझी छाती नाही. तू उपाशी आहेस.

आणि भीती कशाची, तर भाताची! तुमच्या बाजूला माणसं पेज पिऊन लावणीला उतरतात. साखर ठीक, थायरॉइड ठीक, डॉक्टरांनी मनाई केलेली नाही. मग मना कोणी केलं? मोबाइलने.

उद्या दुपारी ताटात भात पहिला घे. ‘दोन घास चवीपुरते’ नको. वाटी भरून, दाबून, चांगली मूद पाड. वर वरण, तूप, लिंबाची फोड. सगळ्यांबरोबर बसून जेव, हळूहळू, आणि ॲपमध्ये त्याची नोंद करू नकोस. परवा पुन्हा तेच. पहिले काही दिवस जीव घाबरेल, घाबरू दे, ताटावरून उठायचं नाही. रात्री भूक लागली तर ताट घे, भात वाढून घे, दिवा लावून बस आणि खा. जाऊबाईंनी विचारलंच, ‘आणखी वाढू?’ तर हवा असेल तेव्हा हो म्हण.

राहता राहिलं ते भांडं. पत्रात तुझ्या नवऱ्याचा एकदाही उल्लेख नाही. घरी असतो ना? मग रात्रीची भांडी त्याला घासू दे.

— मावशी