भुकेची वाट पाहू नकोस

बाळा,

ऑपरेशननंतरचा तुझा मेसेज रात्री वाचला आणि झोप उडाली. "बाई, भूकच लागत नाही. लागली की खाईन म्हणतो, तर दिवस निघून जातो. आई बळंच भरवते, मग घाम फुटतो, छाती धडधडते, संडासला पळावं लागतं. आता ताट समोर आलं तरी भीती वाटते." आणि शेवटी, "होईल ना सगळं नीट?" या प्रश्नाचं उत्तर तुझे डॉक्टर देतील. धीर देत मी बसणार नाही, तो तुझ्याकडे आहे. मला तुझ्या एकाच वाक्याबद्दल बोलायचंय: 'लागली की खाईन.'

नाही लागणार. निदान बरेच महिने नाही. भूक लागल्याचा निरोप मेंदूला देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक जपानी संशोधकांनी १९९९ साली शोधून काढलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं. तुझ्या अन्ननलिकेचा खालचा भाग काढला, त्याबरोबर जठराचा वरचा भागही गेला, आणि उरलेल्या जठराची नळी करून ती छातीत वर ओढून उरलेल्या अन्ननलिकेला जोडली. माझं तर जठर पूर्णच काढलेलं. जठराला जाणाऱ्या नसाही या ऑपरेशनात कापल्या जातात. म्हणजे घंटा देणारा शिपाईच शाळेत उरलेला नाही आणि तू वर्गात बसून मधल्या सुट्टीची वाट बघतोयस. तेव्हा भुकेची वाट पाहू नकोस. घड्याळ बघ आणि खा.

सकाळी सातला सुरुवात, मग दर दोन-अडीच तासांनी, संध्याकाळी साडेसात-आठपर्यंत. सहा-सात वेळा होतं. प्रत्येक वेळी अर्धी वाटी, जमलं तर पाऊण. वीस-पंचवीस मिनिटं लावून, बारीक चावून. छातीत दाटलं, उचकी आली की चमचा खाली. उरलेलं टाकून द्यायला जिवावर येतं हे मला कळतं, आपल्या घरांत पानात टाकणं पापच. पण 'एवढा एक घास' म्हणून ढकललेला घासच घात करतो. मुळात ताट बदल. जेवणाच्या ताटात अर्धी वाटी भात केविलवाणा दिसतो आणि आई लगेच वाढायला येते. नाश्त्याची लहान बशी घे.

आता आईबद्दल. तिच्यावर चिडू नकोस, पण ग्लुकोजचं पाणी आजपासून बंद. शिरा, फळांचा रस, चहात तीन चमचे साखर, हे सगळं बंद. अशक्त माणसाला गोड द्यायचं, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे आणि तुझ्यासारख्या पोटाला ती भोवते. पूर्वी जठर अन्न धरून ठेवायचं आणि थोडं थोडं पुढे सोडायचं. आता ते घाईने लहान आतड्यात उतरतं. साखर असली की ती रक्तातलं पाणी आतड्यात ओढून घेते, म्हणून जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत कळ, धडधड, घाम, जुलाब. हाच घाम, थरथर आणि डोळ्यांपुढे अंधारी एक ते तीन तासांनी आली तर कारण वेगळं. साखर भसकन चढली, तिच्या मागे इन्शुलिन धावलं आणि साखर गरजेपेक्षा खाली आली. तेव्हा लगेच बसायचं, थोडं काही गोड तोंडात टाकायचं आणि मागोमाग अंडं किंवा पनीर. डॉक्टर या दोन्हींना 'डम्पिंग' म्हणतात. भीती ताटाची नको, साखरेची आणि घाईची असू दे.

आणि पाणी जेवताना नाही. जेवणाआधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास तांब्या दूर. मधल्या वेळात घोट घोट. जेवणाच्या शेवटी ताक पिऊन हात धुवायची सवय सोडताना मला सगळ्यात जास्त त्रास झाला. तुलाही होईल. सोड. ताक अकरा वाजता, स्वतंत्र.

मला ऑपरेशननंतर ज्या रुग्णालयातून घरी सोडलं तिथे एक झेरॉक्स हातात दिली होती, इंग्रजीत. सूप, टोस्ट, कुस्करलेला बटाटा. भाकरीचं काय करायचं, आमटी किती तिखट चालेल, पिठलं चालतं का, एक अक्षर नव्हतं. मी शिकलेली, तरी महिनाभर चाचपडले. शेजारच्या खाटेवरच्या शेतकरी बाईने त्या कागदाचं काय केलं असेल, याचा विचार आजही मनातून जात नाही. म्हणून तुला आपल्या स्वयंपाकघरातलं सांगते.

ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा घे, जाड बाजू नको. गरम, जरा घट्ट मुगाच्या वरणात तो दहा मिनिटं बुडवून ठेव. मग बोटांनी कुस्कर, बोटाला एकही गठळी लागेनाशी होईपर्यंत. वरून चमचाभर तूप. हे अर्ध्या वाटीत मावतं, घशाखाली अडत नाही आणि डाळही पोटात जाते. पाव मात्र नको. तोंडाला मऊ लागतो पण जोडाच्या जागी त्याचा गोळा बसतो. मऊ भात मेतकूट-तुपाबरोबर चांगलाच, पण नुसत्या भाताने अंगावर मांस चढत नाही. त्यात मुगाची डाळ शिजव. दर खाण्यात आधी प्रथिनं तोंडात गेली पाहिजेत: उकडलेलं अंडं (एकात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात), पनीर, घट्ट दही, मुगाचं धिरडं, काटे काढलेला मासा. जागा पोटात अर्ध्या वाटीची आहे, ती पेजेने भरलीस तर अंडं कुठे ठेवशील? दूध सुरुवातीला बऱ्याच जणांना पचत नाही, दही पचतं. भाजीत दाण्याचं कूट अगदी बारीक करून घाल. नाचणीची आंबील कर, गूळ न घालता. नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे आणि तुझ्या हाडांना ते लागणार आहे. तूप, दाणे सोसले तर वाढव. शौचाला फिकट, तेलकट, तरंगणारं होऊ लागलं तर लपवू नकोस, डॉक्टरांना सांग. पाचक रसाच्या कॅप्सूल मिळतात.

तू लिहिलंस, ऑफिसात सगळ्यांसमोर डबा उघडायला लाज वाटते. इथे मात्र मला राग आला. ऐक.

मी शाळेत परत रुजू झाले तेव्हा तिसऱ्या तासाला वर्गात, मुलांसमोर, डबीतून खायचे. एक धिरडं, चार तुकडे केलेलं. पालकांची तक्रार गेली की बाई शिकवायचं सोडून खातात. मला बोलावून सांगण्यात आलं, मधल्या सुट्टीपर्यंत थांबा. मी नाही म्हटलं. उद्धट ठरले, हट्टी ठरले. पुढे लग्नातही पर्समधली डबी काढायचे तेव्हा नात्यातल्या बायका म्हणायच्या, हिला आमच्या घरचं चालत नाही. म्हणू देत. त्या तिसऱ्या तासाला मी मान खाली घातली असती तर माझं वजन खालीच जात राहिलं असतं, आणि ते वर्ग पुढे दुसऱ्या कुणीतरी शिकवले असते. मी बरोबर होते. इतकी वर्षं मनात ठेवलेलं आज लिहून टाकते, मी बरोबरच होते. खंत आहे ती वेगळी. सुरुवातीला कितीतरी पंगतींना मी गेलेच नाही, भाचीच्या केळवणालाही नाही. त्या जेवणांत माझी माणसं होती, ती परत मिळाली नाहीत. तू जा. चार घास घे, डबी काढ, गप्पा मार, पण जा. मीटिंग चालू असेल तरी साडेअकरा म्हणजे साडेअकरा. मॅनेजरला एकदाच नीट सांगून टाक, रोज परवानगी मागत बसू नकोस.

घड्याळ बघ आणि खा. मी हेच पुन्हा पुन्हा लिहितेय, कारण तू हुशार आहेस आणि हुशार मुलांना साध्या गोष्टी नगण्य वाटतात.

रात्रीचं एक. अन्न वर येऊ न देणारी झडप तुझ्याकडे आता नाही. शेवटचं खाणं झोपायच्या तीन तास आधी संपव. नुसत्या उशा रचून पोट दुमडतं, त्यापेक्षा उशाकडच्या पायांखाली विटा घालून पलंगच उंच कर. आडवा झालास आणि आंबट-कडू पाणी घशात येऊन खोकला सुटला तर ते फुप्फुसात उतरू शकतं, ताप आला तर घरी बसू नकोस.

आणि घास अडकू लागला, आधी पोळी, मग भात, तर गुपचूप पातळ करत जाऊ नकोस. अनेक जण हेच करतात आणि पेजेवर येईपर्यंत कुणाला सांगत नाहीत. जोड आवळत जातो, आणि तो दुर्बिणीतून रुंद करता येतो. पहिल्या काही महिन्यांत हे बऱ्याच जणांना लागतं. अडकतंय हे कळल्याच्या आठवड्यातच दाखव.

बी-१२ आणि लोह तपासत राहा. मला बी-१२ चं इंजेक्शन आयुष्यभर आहे, कारण ते शोषायला लागणारा घटक जठरातच बनतो. तुझं जठर थोडं उरलंय, पण यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे आजचा रिपोर्ट चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नकोस. कॅल्शियमची गोळी सायट्रेटची चालेल का, हे विचारून घे. जठरात आम्ल कमी असलं तर कॅल्शियम कार्बोनेट नीट शोषलं जात नाही.

पातळ अन्न द्यायला पोटात घातलेली नळी अजून आहे ना? ती काढून टाकायची तुला घाई झालीय, आईने फोनवर सांगितलं. तोंडाने पुरेसं जातंय हे वजन सांगेल, तू नाही. पहिल्या सहा महिन्यांत दहा-पंधरा टक्के वजन उतरणं नेहमीचं आहे, पण त्यानंतर ते थांबायला हवं. थांबत नसेल तर नळीतून रात्रीचा फीड चालू राहू दे, त्यात हार मानण्यासारखं काही नाही.

दर सोमवारी सकाळी, काही खायच्या आधी, त्याच काट्यावर वजन कर आणि आकडा मला पाठव. कमी झालेला असला तरी पाठव. शेजारी त्या आठवड्यात किती खाणी चुकली तेही लिही.

तुझी,
बाई