अँटिबायोटिक दिलेल्या उंदरांत सुक्रेज आणि लॅक्टेज कमी दिसतात: ही खरी कमतरता की मोजणीतली गडबड?

अँटिबायोटिकने जुलाब झालेल्या प्रौढ उंदरांच्या आतड्यात सुक्रेज (सुक्रोज म्हणजे साधी साखर फोडणारं एन्झाइम) आणि लॅक्टेज (दुधातली साखर लॅक्टोज फोडणारं) दोन्ही कमी मिळाले, तर ती कमतरता मानायची का, असं तुम्ही विचारलंय. लॅक्टेजच्या आकड्यावरून एवढ्यात काही ठरवू नका, असं मी सांगेन.

उंदराचं पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं होऊन दूध सुटलं की लॅक्टेज उतरतं आणि सुक्रेज चढतं. म्हणजे प्रौढात लॅक्टेज मुळातच थोडं. त्यात आतड्यातले जिवाणूही लॅक्टोज फोडतात. आतडं नीट धुतलं नसेल तर कंट्रोल गटात जिवाणूंचं एन्झाइमही मोजलं जातं. औषधाने जिवाणू मेले की आकडा घसरतो, पेशींना मात्र काहीच झालेलं नसतं.

सुक्रेजसाठी आधी बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) तपासा. होमोजिनेट (ऊती वाटून केलेला द्रव) ट्रिस बफरमध्ये केलं असेल तर ते आकडे सोडून द्या, कारण ट्रिस सुक्रेजला दाबतं. (ग्लुकोज मोजणाऱ्या ग्लुकोज ऑक्सिडेजच्या अभिकर्मकात ट्रिस मुद्दाम घालतात ते याचसाठी, तिथे अभिक्रिया थांबवायचीच असते.) जेजुनमचा (लहान आतड्याच्या मधल्या भागाचा) मधला तुकडा, प्रत्येक उंदरात त्याच अंतरावरचा, थंडगार ०.९ टक्के सलाइनने आतून धुवा, उभा चिरा आणि बर्फावर काचपट्टीने म्युकोसा (आतलं अस्तर) हलक्या हाताने खरवडा. होमोजिनेट सलाइनमध्येच करा. त्यात पीएच ६.० च्या मॅलिएट बफरमधलं ५६ मिलिमोलर सुक्रोज समान आकारमानात मिसळून ३७ अंश सेल्सिअसला ६० मिनिटं ठेवा. मग सुटलेलं ग्लुकोज मोजा, ३० मिनिटांचंही एक रीडिंग घ्या. ६० मिनिटांचं त्याच्या दुप्पट येत नसेल तर होमोजिनेट आणखी पातळ करा. उकळून निकामी केलेल्या होमोजिनेटचा ब्लँक (वजा करायचा तुलनेचा नमुना) हवाच, ऊतीत आधीचं ग्लुकोज असतं. माल्टेज मोजत असाल तर ग्लुकोजचा आकडा दोनाने भागा, कारण एका माल्टोजचे दोन ग्लुकोज होतात; सुक्रोज आणि लॅक्टोजला भागाकार नको.

बहुतेक जण फसतात ते प्रति मिलिग्रॅम प्रथिनाच्या हिशेबात. दाह असेल किंवा जोरात खरवडलं असेल तर भागाकाराच्या छेदातलं प्रथिन वाढतं आणि एन्झाइम तेवढंच असूनही कमी भासतं. म्हणून तुकड्यातली एकूण क्रियाही द्या आणि त्याच नमुन्यात अल्कलाइन फॉस्फटेज (आतड्याच्या अस्तरातलंच दुसरं एन्झाइम) मोजा. सुक्रेज आणि फॉस्फटेज दोन्ही सारखेच घटले तर बहुधा विलाय (अस्तरावरचे बोटांसारखे उंचवटे) झिजल्यात, हिस्टोलॉजीत (सूक्ष्मदर्शकाखाली) त्यांची उंची बघा. फक्त सुक्रेज घटलं असेल तर आहार बघा: प्रयोगशाळेतल्या ठरावीक खाद्यांपैकी एआयएन-७६ए मध्ये ५० टक्के सुक्रोज असतं, एआयएन-९३जी मध्ये १० टक्के, आणि सुक्रेज कर्बोदकांच्या प्रमाणानुसार बदलतं. दोन्ही गटांचं खाद्य आणि मारण्याची वेळ एकच असावी.

शेवटी जिवंत उंदरात खात्री करा. ४ ते ६ तास उपाशी ठेवून एका गटाला गॅव्हेजने (नळीने थेट पोटात) प्रति किलो २ ग्रॅम सुक्रोज, दुसऱ्याला १ ग्रॅम ग्लुकोज द्या. दोन्हींतून ग्लुकोज जवळपास सारखंच मिळतं. शेपटीतून ०, १५, ३०, ६० आणि १२० मिनिटांना रक्तशर्करा घ्या. ग्लुकोजनंतर साखर नेहमीसारखी चढली आणि सुक्रोजनंतर चढली नाही, तर कमतरता खरी. दोन्हींत चढली नाही, तर दोष शोषणात किंवा जठर रिकामं होण्याच्या वेगात शोधा.